संधिवात आणि माझं बाळंतपण: आधी, मधे आणि मुख्य म्हणजे नंतर

मुलगी आता दीड वर्षाची झाली, रात्री सलग चार-पाच तास झोपते, म्हणून शेवटी हे लिहायला बसलेय. मला 2019 पासून आरए आहे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे कुणी आमवात म्हणतं, कुणी नुसतं वाताचा त्रास म्हणतं, तो. दिवस राहायच्या आधी मी रात्र रात्र नेटवर शोधायचे की हा आजार असताना बाळंतपण कसं जातं, आणि मराठीत सापडायचं ते गरोदरपणात कंबर दुखली तर काय करावं एवढंच. म्हणून माझं जसं झालं तसं तारखांसकट लिहितेय. एक आधीच सांगते, औषधं आणि डोस माझे आहेत, माझ्या डॉक्टरांनी मला दिलेले. तुमच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका आणि बंद तर अजिबात करू नका.

सुरुवात जून 2022 पासून. मी दर रविवारी मेथोट्रेक्सेट ही आरएची गोळी घ्यायचे, 15 मिलिग्रॅम, त्यावर सगळं छान चाललं होतं. आम्हाला मूल हवंय हे रुमॅटॉलॉजिस्ट मॅडमना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "बरं झालं आधी आलात." ही गोळी पोटातल्या बाळाला घातक असते, गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे ती बंद करून तीन महिने थांबायचं आणि तोवर गर्भनिरोधक चालू ठेवायचं. त्याऐवजी सल्फासलाझिन सुरू केली, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आधीपासून होती ती तशीच ठेवली, फॉलिक ॲसिड रोज 5 मिलिग्रॅम. आणि एक रक्ततपासणी, अँटी-रो आणि अँटी-ला. ही अँटिबॉडी आईच्या रक्तात असेल तर वारेतून बाळापर्यंत जाते आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, मग मधल्या महिन्यांत बाळाच्या हृदयाची वेगळी इको करत राहावी लागते. माझी निगेटिव्ह आली. 2,400 रुपये गेले पण ते तीन दिवस रिपोर्टची वाट बघताना मी काय काय विचार केले ते मलाच माहीत.

मला वाटलं होतं सप्टेंबरपासून प्रयत्न करू. पण ऑगस्टमध्ये दोन्ही मनगटं सुजली, सकाळी उठल्यावर दीड-दीड तास मुठी वळायच्या नाहीत. मॅडम म्हणाल्या आजार पेटलेला असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, आधी शांत करू. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, सुरू झाली, पुढे हळूहळू 5 मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे आणखी तीन-चार महिने. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. घरात तर सगळे सांगायचे, सासूबाई अगदी मायेने म्हणायच्या, "अगं मूल झालं की हा वात आपोआप जातो बघ, आमच्या शेजारच्या सूनबाईंचा गेला होता." दुसरीकडे माझी आजी नेमकं उलटं सांगायची, की बाळंतपणातच वात शिरतो, वारा लागला की संपलं, तुझ्या आत्याचं बघ. माझ्या आत्याच्या हाताची बोटं वाकडी आहेत, मी लहानपणापासून बघतेय, तिच्या धाकट्या मुलाच्या बाळंतपणात वारा लागला असं घरात सगळे म्हणतात. दोघींचं बोलणं मी तेव्हा एका कानाने ऐकून सोडून दिलं. दोघीही आपापल्या परीने बरोबर होत्या हे मला दीड वर्षाने कळलं.

फेब्रुवारी 2023 मध्ये टेस्ट पॉझिटिव्ह आली. पहिले तीन महिने हात दुखतच होते, वर उलट्या, आणि सल्फासलाझिनच्या त्या मोठ्या गोळ्या घशाखाली उतरेनात. एक उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मी एका कागदावर सगळ्या गोळ्या, डोस, दोन्ही डॉक्टरांचे नंबर लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावले, आणि गायनॅक मॅडम आणि रुमॅटॉलॉजिस्ट मॅडम दोघींकडून एकमेकींच्या नावाने दोन ओळींची चिठ्ठी घेतली. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारतंच, "प्रेग्नन्सीत स्टिरॉइड? कुणी दिलं?" सोनोग्राफीवाले, लॅबवाले, मेडिकलवाले. तो कागद पुढे केला की प्रश्न संपायचा. नाहीतर प्रत्येक वेळी घाबरून घरी येऊन रडायचं.

आता तो दिवस. 22 एप्रिल 2023, अक्षय्य तृतीया, मला पंधरावा आठवडा. घरात पेटी फोडली होती, आमरस करायचा होता. चार वर्षं मी आंबा पिळला नव्हता, मनगट फिरवून दाबायचं म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं, त्यामुळे ते काम नवऱ्याचं. त्या दिवशी तो दूध आणायला गेला होता आणि मी सहज एक आंबा हातात घेऊन देठाकडून माचवायला लागले, अंगठ्याने दाबत, फिरवत, मग चीक काढून टाकला आणि पिळला. कोय बाहेर आली. दुसरा घेतला. सहा आंबे झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करतेय. हाताला कोपरापर्यंत रस, आणि मी ओट्याशी उभी राहून मुठी उघडून मिटून बघत होते. दुखत नव्हतं. कळ नाही, ठणका नाही, काही नाही. नवरा आला तर म्हणाला, "अगं थांब, मी करतो," आणि माझा चेहरा बघून दारातच उभा राहिला.

पुढच्या व्हिजिटला मॅडमना सांगितलं तर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आरए असलेल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त बायकांना गरोदरपणात बरं वाटतं, बहुतेकदा दुसऱ्या तिमाहीपासून. वार तयार झाली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन खूप वाढतात, शरीरातलं स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, तेही वाढतं, आणि बाळ म्हणजे निम्मं वडिलांचं, शरीराला परकं, त्याला धक्का लागू नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती आपली चाल बदलते. जी प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर तुटून पडत होती ती जरा शांत होते. मग मी घरी येऊन वाचत बसले. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते, त्यांनी 1938 मध्ये लिहून ठेवलं की संधिवाताच्या बायकांना दिवस राहिले की आराम पडतो. त्यांना आधी काविळीच्या पेशंटमध्येही हेच दिसलं होतं. शरीरातच काहीतरी असं तयार होत असणार ज्याने हा आजार थांबतो, याच्या ते मागे लागले आणि 1948 मध्ये पहिल्यांदा कॉर्टिसोन संधिवाताच्या पेशंटला दिलं, 1950 चं नोबेल त्यात विभागून मिळालं. माझ्या डबीतली प्रेडनिसोलोन त्याच घराण्यातली. म्हणजे कुठल्या तरी गरोदर बायकांनी डॉक्टरांना "आता दुखत नाही हो" म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांनी ते मनावर घेतलं, त्यातून ही गोळी आली. मला हे वाचून फार भरून आलं होतं. आपलं दुखणं कुणी इतकं नीट ऐकावं.

पण सगळ्यांचं असं होत नाही हेही सांगते. वेटिंगमध्ये सांगलीकडची एक ताई भेटायची, तिला ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या मणक्यांचा संधिवात, तिची कंबर पाचव्या-सहाव्या महिन्यात आधीपेक्षा जास्त दुखत होती. त्या आजारात आरएसारखा आराम बहुतेकदा पडत नाही. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची अर्धशिशी मात्र चौथ्या महिन्यापासून जवळजवळ गेली होती, मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेनच्या चढउताराचा मोठा हात असतो आणि त्या दिवसांत ते एकसारखं चढत राहतं. त्यामुळे कुणाचा अनुभव ऐकून आपलंही तसंच होणार असं धरून चालू नका, माझाही नाही.

बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात. मी विचारलंच. मॅडमनी प्रेडनिसोलोन हळूहळू कमी करत अडीचवर आणली, बाकीच्या दोन तशाच ठेवल्या.

मेच्या शेवटी ॲनॉमली स्कॅन, बाळात व्यंग नाही ना ते बघायची सोनोग्राफी. सकाळी साडेदहाची वेळ आणि नंबर लागला पावणेदोनला. आधार कार्डाची झेरॉक्स लागतेच, फॉर्म एफ भरून त्यावर मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही अशी सही करावी लागते, हे प्रत्येक सोनोग्राफीला आहे, त्यामुळे चार-पाच झेरॉक्स फाइलमध्येच ठेवा. जूनमध्ये रक्त तपासलं तर ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, 58. घरी धावपळ, आईने फोनवर रडायला सुरुवात केली की आजार परत आला. आला नव्हता. गरोदरपणात ईएसआर असाही वाढतो आणि हिमोग्लोबिन असंही खाली येतं, त्या आकड्यावरून आरएचा अंदाज बांधता येत नाही, मॅडम सांधे दाबून बघतात आणि सीआरपी ही सुजेची दुसरी रक्ततपासणी बघतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर आमच्या घरातले दोन दिवस वाचले असते.

ऑगस्टमध्ये, सातव्या महिन्यात, रात्री हात बधिर व्हायला लागले. मुंग्या, जळजळ, तीन वाजता उठून हात झटकत बसायचे. मला वाटलं संपलं आता, परत सुरू. पण बोटं तीच नव्हती. आरएमध्ये माझी बोटांच्या मुळाची पेरं सुजतात, करंगळीसुद्धा. इथे अंगठा आणि शेजारची दोन बोटं, सूज नाही, फक्त मुंग्या. कार्पल टनेल निघालं, अंगावर पाणी धरल्याने मनगटातली नस दाबली जाते. 350 रुपयांचे दोन स्प्लिंट, रात्री बांधून झोपायचं, पंधरा दिवसांत निम्मं कमी झालं. त्याच सुमाराला ओटीपोटाच्या खाली हाडात कळ यायला लागली, कुशीवर वळताना आणि सलवार घालताना एका पायावर उभं राहिलं की. ते वेगळंच, या दिवसांत ओटीपोटाच्या हाडांमधले सांधे सैल होतात आणि वर बाळाचं वजन. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलेलं लिहिते कारण खरंच उपयोग झाला: वळताना दोन्ही गुडघे जोडून वळायचं, गुडघ्यांमध्ये उशी, कपडे बसूनच घालायचे, जिना चढताना एकेक पायरी. सेशनचे 600, मी चार केले. सांगायचं हे की जुना आजार असला की प्रत्येक दुखणं त्याच्याच खात्यावर टाकलं जातं, आपणही टाकतो. कुठे दुखतं, कधी दुखतं, किती वेळ, हे वहीत लिहून ठेवलं की डॉक्टरांना लगेच कळतं.

बाळंतपण कुठे करायचं यावरून आईशी वाद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे कराडला, हे तिच्या दृष्टीने ठरलेलं. मी म्हटलं माझे दोन्ही डॉक्टर पुण्यात आहेत, तूच ये. चार दिवस बोलली नाही. मग गणपती झाल्यावर आई-बाबा दोघं बोचकी घेऊन आले.

दवाखान्यात एक गोष्ट केली, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवडाभर आधी भेटून आले. आरए मानेच्या मणक्यापर्यंत गेलेला असू शकतो, गरज पडून पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर त्यांना हे आधी माहीत हवं, आणि स्टिरॉइड किती दिवसांपासून चालू आहे तेही. 9 ऑक्टोबर 2023, सोमवार, पहाटे कळा, संध्याकाळी सव्वासहाला मुलगी, 2 किलो 800 ग्रॅम, नॉर्मल. बिल 78,000, ऑफिसच्या इन्शुरन्समधून 50,000, डिस्चार्जला कॅशलेसच्या मंजुरीसाठी सहा तास बसलो.

पहिले पाच आठवडे स्वर्ग होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सकाळी मालिशवाल्या मावशी, शेक, धुरी, कानाला बांधलेला रुमाल. हात ठणठणीत. मॅडमनी सातव्या महिन्यातच बजावलं होतं की डिलिव्हरी झाली की वार जाते, थोड्याच दिवसांत सगळी हॉर्मोन्स धाडकन खाली येतात, दूध येण्यासाठी प्रोलॅक्टिन वाढलेलं राहतं आणि ते प्रतिकारशक्तीला भडकवणारं आहे, बऱ्याच जणींना पहिल्या काही महिन्यांत आजार उलटतो, चौथ्या आठवड्यात मला येऊन भेटा. मी गेले नाही. हात चांगले होते, बाळ तान्हं होतं, आणि मनात कुठेतरी सासूबाईंचं वाक्य खरं व्हावं असं वाटत होतं. ही चूक तुम्ही करू नका. अपॉइंटमेंट पोटात बाळ असतानाच घेऊन ठेवा, दुखो न दुखो जा.

19 नोव्हेंबरच्या पहाटे, दिवाळी नुकतीच झाली होती, मुलगी ओली झाली म्हणून उठले. लंगोट काढला, कोरडा घेतला, कमरेशी दोन टोकं आणली आणि गाठ मारायला गेले तर बोटं वळेनात. टोक चिमटीत धरलं की सुटायचं. परत धरलं, परत सुटलं. ती थंडीने पाय झाडत रडतेय, मी दातांनी टोक ओढायचा प्रयत्न केला. तिला उचलावं म्हटलं तर पंजे तिच्या पाठीखाली सरकेनात. मी हाक मारेपर्यंत आत्या उठून आली होती, भाऊबीजेला बाबांकडे म्हणून आली होती ती चार दिवस राहिली होती. तिने माझे हात बघितले, काही विचारलं नाही. पलंगावर माझ्या शेजारी बसली आणि दाखवलं. पंजा वापरायचाच नाही. वाकायचं, डावं कोपर मानेखाली, उजवं ढुंगणाखाली, दोन्ही हात छातीशी ओढायचे आणि मग अंग उचलायचं. "धाकट्याला मी असाच उचलायची," म्हणाली. "सहा महिने." आणि स्वतःच्या वाकड्या बोटांनी लंगोटाची गाठ मारली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेल्क्रोचे लंगोट आणले, बटणांची झबली बाजूला ठेवली.

20 तारखेला सहा आठवड्यांची लस होती, तिथे मुलीला आईनेच धरलं. क्लिनिकला फोन केला तर 12 डिसेंबरची तारीख. मी असिस्टंटला फोन करून रडत सांगितलं की अंगावर पाजतेय, बाळ उचलता येत नाहीये, तेव्हा 28 नोव्हेंबरला मधे घेतलं. तोवर मालिश हातापायांना बंद, सुजलेला सांधा चोळायचा नाही. मावशी नाराज झाल्या, पण पाठ आणि कंबरेवर थांबल्या.

प्रेडनिसोलोन 15 वर नेली. ती, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हे सगळं पाजताना चालतं, 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर गोळी आणि दूध यात अंतरही ठेवायची गरज नाही असं मॅडमनी आणि बालरोगतज्ज्ञांनी दोघांनी सांगितलं. मेथोट्रेक्सेट पाजताना चालत नाही. आठवड्याभरात उचलता यायला लागलं, पण पूर्ण बरं नाही, स्टिरॉइड कमी केली की परत.

रजेचं सांगते, कारण हे कुणालाच माहीत नसतं. 26 आठवडे 11 सप्टेंबरपासून, म्हणजे 10 मार्च 2024 ला संपत होते. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यात गरोदरपण किंवा बाळंतपणामुळे आलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा होती, वेगळं कलम होतं, कलम 10. मी फेब्रुवारीत अर्ज केला तर ऑफिसातून उत्तर आलं की हा आजार जुना आहे, बाळंतपणाचा नाही. मग मॅडमकडून नवीन सर्टिफिकेट घेतलं ज्यात "प्रसूतीनंतरच्या हॉर्मोनल बदलांमुळे बळावलेला" असं स्पष्ट लिहिलं होतं, सोबत आठव्या महिन्यातली नोंद की सांध्यांना सूज नाही, आणि नोव्हेंबरची नोंद की चौदा सांध्यांना सूज. तीन आठवडे, पाच मेल. मिळाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, 10 एप्रिलला जॉइन झाले. त्यामुळे गरोदरपणात बरं वाटत असलं तरी रुमॅटॉलॉजिस्टकडे जाऊन ते कागदावर लिहून घ्या, पुढे तोच कागद कामाला येतो.

जूनमध्ये मी पाजणं थांबवलं. मुलगी आठ महिन्यांची होती, वरचं खायला लागली होती. दूध भरपूर होतं आणि ती घेत होती, त्यामुळे हा निर्णय मला फार लागला, आजही लागतो. पण एक्स-रेमध्ये उजव्या मनगटात झीज दिसायला लागली होती, आणि मॅडम म्हणाल्या, "तिला पुढची वीस वर्षं तुमचे हात लागणार आहेत." आधी कॉपर टी बसवली, लिव्हरच्या तपासण्या केल्या, मग रविवारची मेथोट्रेक्सेट परत. तिला परिणाम दाखवायला दोन-अडीच महिने लागले, गणपतीत मी मोदकाच्या पाऱ्या केल्या.

या मार्चमध्ये आत्याला पुण्याला घेऊन आले. ती नको नको म्हणत होती, आता काय उपयोग म्हणाली, तीस वर्षं झाली. वाकलेलं सरळ होणार नाही पण सूज अजून आहे, ती कमी होऊ शकते, एवढं मी तिला सांगून ठेवलं होतं. अँटी-सीसीपी, आरए ओळखायची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. मॅडमनी तिचे हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून बघितला आणि विचारलं, कधीपासून. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "धाकटा सव्वा महिन्याचा होता."